सात नंबरची तार

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो. सामान दोन पेट्या. एकीत कपडे, दुसरीत हत्यारं. दुसरी जड. ताईने दारातच सांगितलं की मी वाळलोय, आणि भाऊजी म्हणाले की ती हे सगळ्यांनाच सांगते, परवा विजेच्या खांबालाही म्हणाली. प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

माडीवरची खोली मिळाली आहे. चौदा फूट बाय साडेनऊ. खिडकीखाली रस्ता, रस्त्याच्या टोकाला तारेचं कुंपण, पलीकडे धावपट्टी. टेबलाचा एक पाय आखूड होता. जेवायला बसण्याआधी पाचर मारली. आता डुलत नाही.

सव्वीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. आता कुणाला घड्याळ नको, तर निदान स्वतःची नोंद ठेवू म्हणून ही वही.

उद्यापासून हवामान केंद्रात. भाऊजी छोटं विमान चालवतात, डोंगरापलीकडच्या वस्त्यांना औषधं आणि टपाल नेतात. केंद्राला बारीक हाताचा माणूस हवा होता, त्यांनी माझं नाव घातलं. मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, हे त्यांनी तिथे सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नोकरी मिळाली, तेवढं पुरे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काम मला आवडणार.

रोज सकाळी सातला इथून एक फुगा सोडतात. त्याला चपलांच्या खोक्याएवढी पेटी बांधलेली असते आणि पेटीतून एक पोलादी तार बाहेर आलेली असते, मांजराच्या मिशीसारखी. लांबी नव्वद मिलिमीटर, जाडी जेमतेम सहा दशांश. पेटीतली बारीक आकडी तिला दर चार सेकंदांनी छेडते. मोकळी तार सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. वर काही ढगांत पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, टपून बसतं. तारेला लागलं की जागच्या जागी बर्फ. तार जड झाली की हेलकावे कमी होतात. किती कमी झाले म्हणजे किती बर्फ, हे प्रत्येक तारेचं आधीच खऱ्या वजनाशी जुळवून ठेवायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी याला घड्याळजीचं काम म्हणतो.

खाली खोलीत यंत्र आहे, ते पेटीचा संदेश पकडून तारेचे हेलकावे आणि पेटीची उंची कागदी पट्टीवर उमटवतं. रेघ खाली झुकली की केंद्रप्रमुख मॅडम धावपट्टीच्या फळ्यावर लाल खूण करतात. लाल असेल त्या दिवशी कुणी उडत नाही, कारण जे पाणी तारेवर गोठतं तेच विमानाच्या पंखावर गोठतं.

मॅडमनी सूचनांची फाइल दिली, बासष्ट पानी. त्यांनी विचारलं, आधीच्या कामगार बाईंना चार दिवस बोलावून घेऊ का दाखवायला. मी म्हटलं, गरज नाही. नऊ पानं वाचली, पुढच्या आकृत्या पाहिल्या. यंत्र पाहिलं की मला पुस्तक लागत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सोनं तोलायच्या काट्यावर तांब्याच्या तारेच्या बारीक कड्या कापून वजनं तयार केली. सर्वांत हलकी पाच मिलिग्रॅम. कडी टोकाला अडकवायची, तार छेडायची, आकडा लिहायचा. आधीच्या बाई सहा वजनं वापरायच्या. मी अकरा वापरतो.

फुगे सोडणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे फुगेमामा म्हणतात. तो फुग्याशी बोलतो. जा बाबा, संभाळून जा, म्हणतो. मी हसलो तर म्हणाला, तुम्ही तारेशी तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता मग? खरं आहे.

भाऊजींशिवाय दुसरा वैमानिक एकच, तरुण पोरगा. लांब्या म्हणतात. विमानात घडीच्या खुर्चीसारखा दुमडून बसतो. मला काका म्हणतो आणि विचारतो, काका, तुमची ती सतार लागली का?

११ नोव्हेंबर, मंगळवार

वीस तारांची खेप पुरी. एक ते वीस.

गोदामातल्या जुन्या तारा पाहून संताप आला होता. तांबेरलेल्या! इतक्या नाजूक वस्तूला कुणी असं उघडं ठेवतं? माझ्या हातातून घड्याळाचं एक चाक कधी तेलावाचून गेलं नाही. माझ्याकडचं घड्याळाचं तेल काढलं, हरणाच्या कातड्याच्या तुकड्यावर अर्धा थेंब, आणि प्रत्येक तार टोकापर्यंत पुसून घेतली. थर इतका पातळ की काट्यावर वजन कळत नाही; तपासून पाहिलं. फाइलीत हे कुणाला सुचलेलं नाही.

पेट्या बंद केल्या, सील केल्या, वर माझी सही. वीस सह्या. मॅडमच्या कपाटात गेल्या. सहीचं वळण पहिल्यापासून विसाव्यापर्यंत एकसारखं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या चार तारा वर जाऊन आल्या. आभाळ स्वच्छ आहे, रेघ आखून काढल्यासारखी सरळ. मॅडम म्हणाल्या, इतकी शांत रेघ या केंद्रात आजवर आली नव्हती. घरी जेवताना भाऊजींनी हे ताईला दोनदा सांगितलं. मी मान खाली घालून जेवलो, पण ऐकत होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सात नंबर गेली. करडे ढग डोंगराच्या मानेवर बसलेले. रेघ मात्र सरळ. पन्नास, पन्नास, पन्नास. वरपर्यंत.

मॅडम बराच वेळ खिडकीत उभ्या होत्या. म्हणाल्या, ढग मला आवडत नाहीयेत. पट्टी माझ्या हातात होती; मला अपमान वाटला. आज पाळी लांब्याची. तो यंत्राच्या खोलीत आला, मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काका, जाऊ का?”

“जा रे. तार खोटं बोलत नाही.”

मॅडमनी हिरवी खूण केली. तो नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला.

आता दुपारचे चार. अजून आलेला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे शोधपथक पोचलं. उतारावर सापडला. लांब्या गेला. औषधांची खोकी धड आहेत, एकही बाटली फुटली नाही, असं कुणीतरी सांगितलं. हे का सांगावं?

पंखांच्या पुढच्या कडेला चार बोटं बर्फ होता.

मॅडम पट्टी पुन्हा पुन्हा पाहत होत्या. मला विचारलं, तार नीट होती ना? मी म्हटलं, होती.

दुपारी मी खोलीला कडी लावली. चाचणीच्या थंड खोक्यात दोन तारा ठेवल्या, एक कोरी आणि एक तेल लावून पुसलेली. गार पाण्याचा फवारा मारला. कोरी तार दहा मोजेपर्यंत पांढरी झाली. दुसरीवर थेंब बसायचे, गोठायचे आणि गळून पडायचे. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा कशाला केलं, माहीत नाही.

मग फाइल घेतली. पान एक्केचाळीस. तार स्पिरिटने पुसून कोरडी करावी, त्यानंतर बोटाचाही स्पर्श होऊ देऊ नये, चिकटपणा राहिल्यास बर्फ धरत नाही. चौकट करून छापलेलं. पोरालाही दिसेल असं.

संध्याकाळी मॅडमच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. त्यांनी वर पाहिलं. मी विचारलं, दिवा घालवू का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकशीला दोन साहेब आले. उड्डाणं तीस तारखेपर्यंत बंद. वरच्या वस्त्यांत औषधं संपत आलीत, म्हणून एक डिसेंबरला पुन्हा सुरू. आता वैमानिक एकच. भाऊजी.

साहेबांनी माझी नोंदवही पाहिली. अकरा वजनं, सुबक अक्षर. मान डोलावली. मग ठरवलं की फुगेमामाने पेटी बांधताना दोरी तारेला टेकली असावी. मामा म्हणाला, तेवीस वर्षांत कधी टेकली नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, तुम्ही होतात शेजारी, सांगा की यांना. मी म्हटलं, माझं लक्ष पट्टीकडे होतं.

त्याला घरी बसवलं आहे. फुगा आता मी सोडतो.

नव्या तारा, एकवीसपासून पुढे, कोरड्या केल्या. स्पिरिटने दोनदा. जुन्यांतल्या दहा कपाटात आहेत, माझ्या सहीच्या. मी हिशेब केला. रोज एक. वीस नंबर एक डिसेंबरला जाईल, बरोबर त्याच दिवशी.

एक वाक्य बोललो की मॅडम ती बाजूला ठेवून एकवीस काढतील. एकच वाक्य.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अकराची गोष्ट. आजचा फुगा फुटून गेला होता, यंत्र गप्प होतं. मी एकटा. पट्टी आपोआप सरकायला लागली.

वर पेटीचा नंबर उमटतो. सात.

पेटीची बॅटरी तीन तास टिकते. सात नंबर जाऊन चार दिवस झाले.

हेलकावे अठ्ठेचाळीस. उंची तीन हजार चारशे मीटर, डोंगराच्या माथ्यावर. चार मिनिटं चाललं. मॅडमची पावलं वाजली आणि थांबलं.

पट्टी मी फाडली आणि खिशात घातली. अठ्ठेचाळीस म्हणजे बर्फ. ती पट्टी पाहून मॅडमनी विचारलं असतं, आता धरला तर त्या दिवशी का नाही धरला. घाबरण्याआधी हेच मनात आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लांब्याची आई आली होती. लहानखुरी बाई. एवढा उंच मुलगा हिचा कसा, असा विचार आला आणि स्वतःची किळस आली. तिला तार पाहायची होती. मॅडमनी माझ्याकडची नवी तार तिच्या हातावर ठेवली. तिने विचारलं, एवढ्याशाने कळतं? मॅडम म्हणाल्या, कळतं.

मग तिने विचारलं, त्याला जा कोण म्हणालं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मॅडम म्हणाल्या, “मी. फळ्यावर खूण माझी होती.”

त्यांना माहीत होतं की त्याने मला विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ती तार परत घेतली, आणि तिचा हात लागला म्हणून स्पिरिटने पुसायला लागलो. तिच्यासमोर.

दुपारी सात नंबर पुन्हा. चव्वेचाळीस. उंची दोन हजार सहाशे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

एक्केचाळीस. उंची एक हजार आठशे. आपलं केंद्र बाराशे दहावर आहे.

खाली येत आहे. वारा कुठलाही असो, सरळ इकडे.

मॅडमना म्हटलं, उरलेल्या तारा एकदा तपासून घेतो. कारण? त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सहजच. त्या थकल्या होत्या. म्हणाल्या, या सगळ्यात मला भरवसा कशाचा असेल तर तुमच्या तारांचा, त्यांना आता हात नका लावू.

त्या क्षणी सांगता आलं असतं. मला बरं वाटलं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तेहतीस. उंची एक हजार दोनशे दहा.

म्हणजे इथे. जमिनीवर.

सगळं आवार हिंडलो. पेटी नाही, दोरी नाही. गवतावर ऊन. परत आलो, पट्टी तशीच चालू. उंची आता बाराशे अकरा पूर्णांक चार. जोतं धरलं तर माझ्या टेबलाची उंची. मी उठून उभा राहिलो. बाराशे अकरा पूर्णांक नऊ.

बसलो. पूर्णांक चार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दाढी करताना मिशीवर पांढरं दिसलं. साबण नव्हे. दव गोठल्यासारखं. पुसलं, पुन्हा आलं.

फक्त पुढच्या बाजूला. कपाळ, नाक, छाती, मांड्यांचा पुढचा भाग. पाठ कोरडी, गरम. वाऱ्यात तोंड करून उभी असलेली वस्तू जशी गोठते तशी. खोलीत वारा नाही. चाललो की वाढतं.

विमानाच्या पंखावर पुढच्या कडेलाच धरतं.

ताईने कपाळाला हात लावून झटक्यात काढून घेतला. म्हणाली, अरे, तू आहेस की दगड. काढा करून दिला. ओठाला लागेपर्यंत गार झाला होता.

केंद्रात पट्टीवर सव्वीस. माझ्या तक्त्यात एवढं वजन नाही. अकरा वजनं केली होती, पुरतील वाटलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सांगायचंच, असं ठरवून जेवायला बसलो. भाऊजी उद्याचा मार्ग बोटाने ताटात काढून दाखवत होते. ताई वाढत होती. शेवटी म्हणाली, नाही गेलात तर नाही चालणार का? ते म्हणाले, वर एक बाळंतीण आहे, औषधावाचून अडलीय. आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून, “आमच्या घरचा माणूस बसलाय तारेपाशी. मला कसली भीती?”

मी तोंड उघडलं. भाऊजी, म्हणालो. ते म्हणाले, काय रे?

जीभ हलेना. लाज, असं वाटलं आधी. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर कधी चूक कबूल केलेली नाही, सवय नाही तोंडाला. पण जिभेवर काहीतरी होतं. गार. टाळूला चिकटलेलं.

मीठ वाढ म्हणतोय, ताई म्हणाली, आणि वाढलं.

मी मान हलवली. होय म्हणून.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी साडेआठ

वीस नंबर मीच सोडली. हाताने. आभाळ करडं — मानेवर बसलेलं — तसंच.

रेघ सरळ. पन्नास.

मॅडमसमोर उभा राहिलो. ओठ उघडत नाहीत. बोटाने चाचपले; वरून काचेसारखे. त्यांच्या टेबलावरची पेन्सिल घ्यायला गेलो तर त्या उठल्या, तुम्हाला ताप आहे, घरी जा, म्हणाल्या, हा मनाला लावून घेण्याचा दिवस नाही. चौकीदाराबरोबर पाठवलं. मला ओढून आणलं त्याने. त्याला हिसका देता आला असता. लोक पाहत होते म्हणून दिला नाही.

नऊ वाजता

माडीवर. ताई धावपट्टीवर गेली आहे, ती नेहमी जाते. घरात कुणी नाही.

बोटं अजून चालतात. अकरा तारखेचं पान उघडून ठेवलं आहे. त्यात सगळं आहे. माझ्याच अक्षरात, केवढ्या ऐटीत लिहिलंय. ते पान नेऊन दाखवलं की झालं. बोलायला नको.

जिना सतरा पायऱ्या. कुंपण तीनशे ऐंशी पावलं.

वही घेऊन निघतो. वाटेत पडलो तर ज्याला सापडेल त्याने हे पान मॅडमना —

नऊ सहा

जिन्याखाली. पायऱ्या उतरताना वाढलं. छातीवर बोटभर. पापण्या जड.

पाठमोरा चाललो तर? — पाठीवर धरतं मग. चालायचं तसंच.

नऊ बारा

दोनशे पावलं. थांबलो की थांबतं. चाललो की — वजन फार. गुडघे वाकत नाहीत.

एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी वही कोटाखाली लपवली. अजूनही. कशाला?

नऊ सतरा

कुंपण. फाटक पलीकडच्या टोकाला, तिथवर होणार नाही.

इंजिन चालू. पंखा फिरतोय. ताई दिसते. मॅडम. फळ्यावर हिरवं.

डावा हात वर केला. थांबा म्हणून. होता तेवढा जोर लावून.

भाऊजींनी पाहिलं — काचेतून. हसले. अंगठा वर केला, मान उडवली — जाऊ का?

हात खाली येत नाही. कोपरापासून बर्फ. तळवा त्यांच्याकडे — वर तसाच — निरोप दिल्यासारखा —

त्यांनीही हात हलवला

विमान वळलं

उजवा हात आहे अजून. कुंपणावर वही टेकून — मोठ्या अक्षरात — ताई इकडे पाहतेय, वही तिच्याकडे धरीन, ती वाचेल —

ताई, थांबव त्यांना. तारेला तेल मी ला